घरांजवळ मॉडेल हेलिकॉप्टर: किती अंतर, आणि का?

दिवाळीच्या सुट्टीत वरच्या मजल्यावरचे शेजारी त्यांच्या १३ वर्षांच्या मुलाला घेऊन आमच्याकडे आले. मुलाच्या हातात एक लांबट खोका होता. मामाने त्याला मॉडेल हेलिकॉप्टर घेऊन दिलं होतं. मी बरीच वर्षं हा छंद करतो हे सोसायटीत सगळ्यांना माहीत आहे, म्हणून आधी मला विचारायला आले होते. "काका, खालच्या मैदानात उडवलं तर चालेल ना?" खोक्यावर ४५० हा आकडा वाचला आणि मी सरळ नाही म्हटलं. पोराचा चेहरा एवढासा झाला. वडील म्हणाले, "अहो, खेळणंच आहे ना ते?"

त्या दिवशी चहा निवेपर्यंत जे सांगितलं आणि जे सांगायचं राहून गेलं, ते सगळं इथे लिहितो आहे. सोसायटीच्या मैदानात, बंगल्याच्या अंगणात किंवा गच्चीवर हेलिकॉप्टर उडवावंसं वाटणाऱ्या प्रत्येकासाठी, आणि ते शेजारी उडत असताना पोटात गोळा येणाऱ्या प्रत्येकासाठीही.

खेळणं कुठे संपतं

'रिमोटचं हेलिकॉप्टर' या एका नावाखाली तीन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली म्हणजे तळहातावर मावणारं, एकावर एक दोन रोटर, म्हणजे फिरत्या पात्यांचे संच, असलेलं, जेमतेम ४०-५० ग्रॅमचं हेलिकॉप्टर. त्याची पाती मऊ प्लॅस्टिकची असतात आणि भिंतीला लागली की थांबतात. दिवाणखान्यात ते खुशाल उडवा, फक्त तोंडाजवळ नको. डोळ्याला मऊ पातंही पुरतं.

दुसरी वस्तू थोडी मोठी, एकाच मुख्य रोटरची, पण पात्यांचा कोन कायम ठेवलेली. तिला वर न्यायचं तर मोटर जोरात फिरवायची, खाली आणायचं तर हळू. म्हणजे ती जमिनीवर उभी असते तेव्हा पातीही जवळजवळ थांबलेली असतात.

तिसरी वस्तू खऱ्या हेलिकॉप्टरसारखीच चालते, आणि हा लेख तिच्याबद्दल आहे. तिच्या पात्यांचा कोन उडताना बदलतो. मुख्य दांड्यावर स्वॅशप्लेट नावाची एक तबकडी असते. तीन छोट्या सर्वो मोटरी तिला वरखाली करतात, तिरकी करतात, आणि त्यातून प्रत्येक पात्याचा कोन ठरतो. रोटरचा वेग मात्र जवळपास कायम राहतो. यातली एक गोष्ट नवख्याला कोणी सांगत नाही. उड्डाणाच्या स्थितीत ठेवलेलं असं हेलिकॉप्टर जमिनीवर शांत बसलेलं दिसलं, तरी त्याची पाती पूर्ण वेगाने फिरत असतात. लांबून ती धुरकट चकतीसारखी दिसतात आणि मागून ऊन आलं तर तेवढीही दिसत नाहीत.

खोक्यावरचे ४५०, ५००, ६००, ७०० हे आकडे या तिसऱ्या जातीच्या आकारमानाचे. मोठ्या हेलिकॉप्टरांत तो आकडा साधारण मुख्य पात्याची मिलिमीटरमधली लांबी सांगतो. ७०० च्या हेलिकॉप्टरचं पातं ७०० मिलिमीटरच्या आसपास असतं, रोटरचा व्यास दीड मीटरहून थोडा जास्त आणि वजन ५ किलोच्या घरात. ४५० मध्ये हा मेळ बसत नाही. त्याचं पातं ३२५ मिलिमीटरचं, रोटरचा व्यास पाऊण मीटरच्या जरा आत आणि वजन किलोपेक्षा कमी. दुकानात ते नाजूक, गोजिरवाणं दिसतं. शेजाऱ्यांची फसगत तिथेच झाली होती.

पात्यांचा हिशोब

हा हिशोब शाळेच्या गणिताने होतो, आणि प्रत्येकाने एकदा तरी तो स्वतःच्या हाताने करावा असं मला मनापासून वाटतं. आधी घरातला छताचा पंखा घ्या. त्याचा व्यास १.२ मीटर, म्हणजे पात्याचं टोक एका फेऱ्यात ३.७७ मीटर जातं. पूर्ण वेगात पंखा मिनिटाला साधारण ३७० फेरे घेतो. तेव्हा टोकाचा वेग होतो ताशी ८० किलोमीटरच्या थोडा वर. हात वर करून पंख्यात बोटं घालायची कल्पनाही आपल्याला सहन होत नाही.

आता ४५० चं हेलिकॉप्टर. व्यास ०.७२ मीटर, फेरे मिनिटाला २७००. टोकाचा वेग ताशी ३६० किलोमीटरच्या वर जातो. ७०० चं हेलिकॉप्टर मिनिटाला २००० फेऱ्यांवर चालवलं तर पात्याचं टोक ताशी जवळजवळ ६०० किलोमीटरने हवा कापतं. पाती कार्बन फायबरची, कडक, आणि पुढची कड निमुळती.

वेगाने अर्धीच गोष्ट कळते. उरलेली अर्धी रोटरमध्ये साठलेल्या ऊर्जेची. क्रिकेटचा चेंडू १६० ग्रॅमचा धरा आणि तो ताशी १४० किलोमीटरने आला असं समजा. त्यात सुमारे १२० ज्यूल ऊर्जा असते. ४५० च्या फिरत्या रोटरमध्ये माझ्या हिशोबाने ९० ज्यूलच्या आसपास ऊर्जा साठते, म्हणजे वेगवान गोलंदाजाच्या चेंडूच्या जवळपास. पण चेंडू गोल असतो आणि तो पॅडवर घेता येतो. इथे तीच ऊर्जा एका पातळ धारेवर असते. ७०० च्या रोटरमध्ये प्रत्येक पातं १९० ग्रॅमचं धरलं तर आकडा १७०० ज्यूलपर्यंत जातो. असे चौदा चेंडू एकाच क्षणी, एकाच जागी.

शेपटीचा छोटा रोटर बघणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. मुख्य रोटरच्या एका फेऱ्यात तो साडेचार फेरे घेतो, म्हणजे मिनिटाला ९००० च्या आसपास. ओढणी, मोकळे केस, शर्टाची बाही, गळ्यातली ओळखपत्राची दोरी, यांची गाठ बहुतेक वेळा त्याच्याशी पडते.

ही साठलेली ऊर्जा नुसता धोका नाही, हेही सांगितलं पाहिजे. मोटर हवेत बंद पडली तर खाली येताना पात्यांचा कोन उलटा धरायचा. खालून येणारी हवा रोटरला फिरतं ठेवते, आणि जमीन जवळ आली की तीच ऊर्जा वापरून हेलिकॉप्टर अलगद टेकवता येतं. याला ऑटोरोटेशन म्हणतात. फार सुंदर कसब आहे, मला ते अंगवळणी पडायला दोन वर्षं लागली. पण त्यासाठी खाली मोकळी जमीन हवी आणि हातात उंची हवी. दोन इमारतींच्या मधे, दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर यातलं काहीच नसतं.

इमारतींच्या मधे काय होतं

लोक म्हणतात, "मैदान मोठं आहे, कोपऱ्यात उडवू." घरांजवळची हवा आणि मोकळ्या माळावरची हवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वारा इमारतीवर आदळला की तिच्या मागच्या बाजूला भोवरे तयार होतात, आणि इमारतीच्या उंचीच्या कितीतरी पट अंतरापर्यंत ते पसरतात. जमिनीवर उभ्या माणसाला झुळूकही जाणवत नाही, आणि चार मीटर वर हेलिकॉप्टरला अचानक धक्का बसतो.

भिंतीजवळची गोष्ट याहून फसवी. रोटर हवा खाली ढकलतो. ती हवा जमिनीवर आपटून बाजूला पसरते, भिंतीला अडते, भिंतीवरून वर चढते आणि पुन्हा रोटरमध्ये वरून शिरते. भिंतीकडच्या बाजूची उचल त्यामुळे कमी होते आणि हेलिकॉप्टर भिंतीकडेच कलायला लागतं. उडवणाऱ्याला वाटतं आपलाच हात चुकला. तो घाईने रिमोटची दांडी उलट देतो, ती जास्त होते, आणि हेलिकॉप्टर उलट्या दिशेला सुटतं. तिकडे बहुतेक वेळा तो स्वतः किंवा बघायला जमलेली मुलं असतात.

मग दिशेचा घोळ. हेलिकॉप्टरचं नाक तुमच्याकडे वळलं की डावं-उजवं उलटं होतं. हे डोक्याला कितीही समजलं तरी बोटांना समजायला महिने लागतात. मोकळ्या मैदानावर चूक झाली तर सावरायला वेळ असतो. घरांजवळ तो वेळ किती? मध्यम वेगात, सेकंदाला २० मीटरने जाणारं हेलिकॉप्टर घ्या. काहीतरी बिनसलंय हे ओळखणं, काय करायचं ते ठरवणं आणि बोट हलवणं यात अर्धा सेकंद गेला, तर तेवढ्यात ते १० मीटर पुढे गेलेलं असतं. बहुतेक सोसायट्यांत समोरासमोरच्या दोन इमारतींमधलं अंतर त्याहून फारसं जास्त नसतं.

यात आपल्याकडच्या गोष्टी मिळवा. एका इमारतीवरून दुसरीकडे ओढलेल्या केबल टीव्हीच्या आणि इंटरनेटच्या तारा आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसतच नाहीत. जानेवारीत संक्रांतीच्या आगेमागे झाडांवर, तारांवर अडकलेला मांजा असतो, तो रोटरच्या दांड्याला गुंडाळला की क्षणात सगळं जाम. घारी घिरट्या घालत खाली येतात. आणि मुलं. चेंडूमागे धावणारं मूल वर बघत नाही, आणि त्याने बघावं अशी अपेक्षाही आपण करू नये.

माझ्याकडून काय झालं

इतरांना शिकवण्याआधी हे सांगणं भाग आहे. पूर्वी आम्ही दुसऱ्या सोसायटीत राहत होतो. तिथल्या मागच्या रिकाम्या प्लॉटवर मी रविवारी सकाळी ४५० उडवायचो. साडेसहा वाजता कोणी नसायचं, आणि एवढी काळजी घेतली की झालं असं मला वाटायचं. एका रविवारी हेलिकॉप्टर डोक्याच्या उंचीवर, माझ्यापासून सात-आठ मीटरवर स्थिर होतं. स्वॅशप्लेटला सर्वोशी जोडणारी प्लॅस्टिकची एक छोटी लिंक निसटली. ती झिजली होती. आदल्या आठवड्यात हाताला सैल लागली होती, आणि पुढच्या वेळी बदलू म्हणून मी सोडून दिली होती. हेलिकॉप्टर एका झटक्यात कुशीवर वळलं आणि जमिनीवर आपटलं. माझ्या अंगावर माती उडाली. बाकी काही झालं नाही.

तुकडे गोळा केले तेव्हा एका पात्याचा वीतभर तुकडा कमी होता. गवतात शोधला, नाल्यात शोधला, सापडला नाही. मेमध्ये समोरच्या इमारतीत पावसाळ्याआधी गच्चीची साफसफाई निघाली आणि तिथल्या वॉचमनने तो काळा तुकडा मला आणून दिला, हे तुमचंच ना म्हणून. तिसऱ्या मजल्यावरची गच्ची. मी पावलं मोजली. जिथे हेलिकॉप्टर आपटलं तिथून त्या इमारतीपर्यंत ४४ पावलं भरली. तुकडा त्या गच्चीवर जाण्याआधी चौदा गॅलऱ्यांच्या समोरून गेला होता. त्यांतल्या तीन गॅलऱ्यांत सकाळी साडेसहाला कोण चहा पीत बसतं हे मला नावानिशी माहीत होतं.

त्या दिवसापासून वस्तीजवळ मी एकदाही उडवलेलं नाही.

माझं निभावलं, सगळ्यांचं निभावत नाही. ५ सप्टेंबर २०१३ रोजी न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनच्या कॅल्व्हर्ट वॉक्स पार्कमध्ये १९ वर्षांच्या एका तरुणाचा स्वतःच्याच मॉडेल हेलिकॉप्टरचं पातं डोक्याला लागून मृत्यू झाला. तो नवखा नव्हता, आणि ती जागा मॉडेल विमानांसाठी राखून ठेवलेलीच होती. म्हणजे कसब होतं, जागा होती, कमी पडलं ते अंतर. २०१५ मध्ये इंग्लंडच्या वूस्टरशर परगण्यात घरासमोर ड्रोन उडवला जात होता, उडवणारा कुटुंबाच्या ओळखीचाच. उतरवताना ड्रोन झाडाला घासला, गर्रकन फिरला, आणि त्याचं पातं दीड वर्षाच्या बाळाच्या डोळ्याला लागलं. बाळाने तो डोळा गमावला. ड्रोनची पाती मॉडेल हेलिकॉप्टरच्या पात्यांपुढे किरकोळ असतात, हे लक्षात घेऊन ही घटना पुन्हा वाचा.

मग किती अंतर?

अमेरिकेतल्या अकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्स या जुन्या संस्थेच्या सुरक्षा नियमांत एक किमान अंतर आहे. उडवणारा आणि त्याचे मदतनीस सोडून इतर कोणाही माणसाच्या २५ फुटांच्या आत शक्तीवर चालणारं मॉडेल उडवायचं नाही. २५ फूट म्हणजे साडेसात मीटर. माझ्या मते मोठ्या हेलिकॉप्टरसाठी हा आकडा फार तोकडा आहे. मी स्वतः हेलिकॉप्टरपासून १५ मीटरच्या आत कधी उभा राहत नाही, बघायला आलेल्यांना माझ्या मागे आणखी ३० मीटरवर उभं करतो, आणि ज्या बाजूला उडवायचं त्या बाजूला निदान दीडशे मीटरपर्यंत घर, रस्ता, पायवाट, गोठा काही नको. हे आकडे कुठल्या कायद्यातले नाहीत. ४४ पावलांनी शिकवलेले आहेत. एवढी जागा सोसायटीत मिळत नाही, म्हणून सोसायटीत उडवायचं नाही. इतका साधा तो हिशोब.

पात्यांच्या फिरण्याच्या पातळीत कधी उभं राहू नये, हेही अंतराइतकंच महत्त्वाचं. तुटलेला तुकडा बहुतेक त्याच पातळीत सुटतो. दोन्ही पाती एका रेषेत फिरतायत का हे पाहायला डोळे रोटरच्या उंचीला न्यावे लागतात. ते लांबूनच करावं, आणि हेलिकॉप्टर डोळ्यांच्या उंचीला तरंगत असेल तर आणखी मागे सरकावं.

वेग कमी ठेवला तर फरक पडतो का? पडतो, आणि चांगला पडतो. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. रोटर २००० ऐवजी १६०० फेऱ्यांवर चालवला तर साठलेली ऊर्जा ६४ टक्क्यांवर येते. शिकणाऱ्याने कमी फेऱ्यांवरच शिकावं. आवाजही कमी होतो.

कायदा काय म्हणतो

आपल्याकडे २५ ऑगस्ट २०२१ रोजी ड्रोन नियम २०२१ अधिसूचित झाले. नावात ड्रोन असलं तरी माणूस आत नसलेलं प्रत्येक उडतं यंत्र त्यात येतं, रोटरवर उडणारंही. 'मॉडेल' अशी वेगळी ओळख नियमांत आहे: २५ किलोपर्यंतचं, शिक्षण, संशोधन, चाचणी किंवा करमणुकीसाठी वापरलेलं, आणि नजरेच्या टप्प्यातच उडवलेलं यंत्र. प्रकार-प्रमाणपत्रातून, म्हणजे यंत्राचा नमुना तपासून मान्य केल्याच्या दाखल्यातून, मॉडेलला सूट आहे. पण सूट म्हणजे मोकळं रान नव्हे.

वजनाचे गट असे आहेत की २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो, आणि २ ते २५ किलो स्मॉल. नॅनोसाठी, आणि व्यावसायिक काम नसेल तर मायक्रोसाठी, पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. म्हणजे ४५० चं हेलिकॉप्टर मायक्रोत बसतं, आणि ५ किलोचं ७०० स्मॉलमध्ये जातं. नॅनोच्या वरच्या यंत्रांसाठी त्रयस्थाच्या नुकसानीचा विमाही नियमांत सांगितला आहे, आणि नियम नसता तरी तो काढा असंच मी म्हटलं असतं.

आकाशाचे लाल, पिवळा आणि हिरवा असे भाग पाडलेले आहेत. हिरव्या भागात १२० मीटर उंचीपर्यंत आगाऊ परवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा ६० मीटरवर येते. त्याहून जवळ परवानगीशिवाय जायचंच नाही. नकाशा डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावर आहे. पुण्यात लोहगाव, गोव्यात दाबोळी, नाशिकजवळ ओझर आणि देवळाली, ही सगळी लष्करी महत्त्वाची ठिकाणं. मुंबईचा तर मोठा भाग सांताक्रूझच्या विमानतळापासून १२ किलोमीटरच्या आत आहे. शिवाय मुंबई पोलीस वेळोवेळी आदेश काढून ड्रोन, रिमोटवर चालणारी मायक्रोलाइट विमानं, पॅराग्लायडर यांवर ठरावीक मुदतीची बंदी घालतात. नियमांत दुरुस्त्या होत असतात, त्यामुळे नोंदणी आणि प्रमाणपत्राची आजची अट उडवण्याआधी स्वतः तपासून घ्या. दुकानदाराच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

आणि समजा ड्रोन नियम नसतेच, तरी निष्काळजीपणाने दुसऱ्याचा जीव किंवा सुरक्षितता धोक्यात घालणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ खाली गुन्हा आहे. दुखापत झाली तर शिक्षा वाढते, आणि मृत्यू झाला तर कलम १०६ लागतं. 'मैदान सोसायटीचं आहे आणि मी सभासद आहे' हे त्यावरचं उत्तर होऊ शकत नाही. सोसायटीच्या कमिटीने दिलेली परवानगीसुद्धा जबाबदारी उचलत नाही. ती ज्याच्या हातात रेडिओ, म्हणजे रिमोट, आहे त्याचीच राहते.

उडवण्याआधी, उडवताना

पहिली ओळख सिम्युलेटरशी हवी. घरच्या संगणकाला खराखुरा रेडिओ जोडून त्यावर शिकायचं. नाक स्वतःकडे ठेवून हेलिकॉप्टर पूर्ण एक मिनिट एका जागी थांबवता येईपर्यंत मैदानात जायचं नाही. इथे शंभर वेळा आपटलं तरी बटण दाबून पुन्हा सुरू. प्रत्यक्षात प्रत्येक आपटण्याला पाती, दांडा, दात असलेली चक्रं असा खर्च आहे, आणि तो खर्च हा त्यातला सगळ्यात छोटा भाग.

प्रत्येक रेडिओवर थ्रॉटल होल्ड नावाचं एक बटण असतं. ते टाकलं की मोटर बंद, दांडी कुठेही असो. हेलिकॉप्टर उचलताना, ठेवताना, बॅटरी जोडताना ते टाकलेलंच हवं. दुसरं एक बटण असतं आयडल-अप. ते चालू असताना दांडी तळाला असली तरी मोटर पूर्ण वेगाने फिरते. हे चुकून चालू राहिलं आणि बॅटरी जोडली, तर हेलिकॉप्टर मांडीवरच जागं होऊ शकतं. चांगले रेडिओ आणि मोटरचे कंट्रोलर अशा वेळी अडवतात. त्यांच्या भरवशावर राहू नका, बोटाने बटण चाचपून बघा. आधी रेडिओ चालू, मग हेलिकॉप्टरची बॅटरी. बंद करताना उलट, आधी बॅटरी काढायची, मग रेडिओ.

संपर्क तुटला तर मोटर आपोआप बंद व्हावी यासाठी फेलसेफ असतो. तो बऱ्याच रेडिओंवर आपला आपण लावावा लागतो, आणि कितीतरी जण तो लावतच नाहीत. तपासायची पद्धत सोपी आहे. पाती काढून ठेवा, मोटर चालू करा, आणि रेडिओ बंद करा. मोटर थांबली पाहिजे. थांबली नाही तर त्या दिवशी उड्डाण नाही. रेडिओवर रेंज तपासायची सोयही असते, त्यात मुद्दाम शक्ती कमी होते. मग हेलिकॉप्टरपासून तीसेक पावलं चालत जायचं आणि सगळे सर्वो नीट हलतात का बघायचं.

हेलिकॉप्टर हातात घेऊन जे तपासायचं ते मी दर वेळी त्याच क्रमाने करतो: पात्यांचे बोल्ट, पात्यांवरचे ओरखडे आणि चिरा, प्रत्येक लिंक बोटाने ओढून, शेपटीचा पट्टा, बॅटरी घट्ट बांधलेली आहे का. लिंक सैल लागली की आता ती जागेवरच बदलली जाते. आपटलेल्या हेलिकॉप्टरचा पाती धरणारा आतला दांडा, ज्याला स्पिंडल म्हणतात, तो सरळ दिसला तरी बदलावा. वाकलेलं कळतं, आतून थकलेलं कळत नाही. चीर पडलेलं पातं चिकटवून वापरणं हा तर दुसऱ्याच्या जिवाशी खेळ आहे, तिथे मी मित्राचीही भीड धरत नाही. असं पातं मी मोडून टाकतो, म्हणजे कचऱ्यातून उचलून पुन्हा कोणी लावणार नाही.

मोटर बंद केल्यावरही रोटर दहा-पंधरा सेकंद तरी फिरत राहतो, कारण मधे एकाच दिशेने पकड घेणारं बेअरिंग असतं. पडलेल्या किंवा उतरलेल्या हेलिकॉप्टरकडे धावत जायचं नाही. आधी होल्ड, मग थांबणं, पाती डोळ्यांनी स्पष्ट दिसली की मगच पाऊल पुढे. काही वाईट घडतंय असं वाटलं तर यंत्र वाचवायच्या फंदात पडू नका. होल्ड टाका, पडू द्या.

बॅटरी घरातच असते

मैदान लांब गाठलं तरी हेलिकॉप्टरची लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी घरी परत येते, त्यामुळे घरांजवळच्या सुरक्षिततेत तीही आलीच. ७०० मध्ये बारा सेलची ४४.४ व्होल्टची बॅटरी लागते. ५००० मिलीअँपिअर-तास धरली तर २२२ वॅट-तास ऊर्जा. तिने पेट घेतला तर ज्वाळा जोराने बाहेर येतात आणि धूर विषारी असतो. सेलमागे ४.२ व्होल्टच्या वर चार्ज करायचं नाही, उडवून झाल्यावर चौथा-पाचवा भाग शिल्लक ठेवायचा, आणि आठवडाभर वापरायची नसेल तर सेल ३.८ व्होल्टच्या आसपास आणून ठेवायची. चार्ज करताना शेजारी बसायचं. आमच्याकडे हे काम गॅलरीतल्या फरशीवर होतं, बाजूला वाळूची बादली, गादी-पडद्यांपासून लांब. रात्री लावून झोपणं, जिन्यात लावणं, स्कूटरच्या डिकीत उन्हात ठेवणं, यातलं काही नको. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरायची नाही, आणि ओल्या-सुक्या कचऱ्यात तर अजिबात टाकायची नाही. ती पूर्ण उतरवून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यायची. कचरा गोळा करणाऱ्या ताईंच्या हातात ती पेटली, तर ती चूक आपली.

शेजाऱ्यांबद्दल

छंदवाले आपसांत बोलताना शेजाऱ्यांना 'कटकट करणारे' म्हणतात. मला ते पटत नाही. वरून काहीतरी भिरभिरत असताना ज्याला ते कधी पडेल हे माहीत नाही, त्याची भीती खरी असते. आवाजाचंही तसंच. रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा झोपतो, आजारी माणसं असतात, तान्ही मुलं असतात. कॅमेरा लावला असेल तर दुसऱ्याच्या खिडकीत नजर जाते, आणि तुम्ही रेकॉर्ड करत नव्हता हे समोरच्याला कळायला काही मार्ग नसतो. तुमच्या शेजारी कोणी घरांमधे उडवत असेल, तर उड्डाण चालू असताना जाऊन हटकू नका, त्याचं लक्ष विचलित होणं सगळ्यात धोक्याचं. उतरवू द्या, पाती थांबू द्या, मग बोला.

त्या मुलाचं काय झालं, ते सांगतो. हेलिकॉप्टर कपाटात गेलं. त्याने पाच महिने सिम्युलेटरवर काढले. आम्ही जातो तो माळ शहरापासून तासाभरावर आहे. जमीनमालकाला विचारून, आजूबाजूला वस्ती नाही हे बघून आम्ही तो निवडला आहे. मुलगा दर रविवारी वडिलांबरोबर येतो. अजून त्याची पाळी थोडीच असते, तीही माझा रेडिओ त्याच्या रेडिओशी जोडून, म्हणजे चुकलं तर मी लगेच ताबा घेऊ शकतो. बाकीचा वेळ तो माझ्या मागे उभा राहून पहारा करतो. उडवणाऱ्याची नजर हेलिकॉप्टरवरून हलत नाही, म्हणून आकाश, वाट आणि माणसं बघायला दुसरं कोणीतरी लागतंच. आमचा शब्द ठरलेला आहे.

गेल्या रविवारी मी उंचावर होतो, बॅटरी निम्मी शिल्लक होती. मागून त्याचा आवाज आला, "काका, माणूस! डावीकडे, टेकाडावर!" मी वळून पाहिलं नाही. हेलिकॉप्टर उजवीकडे घेतलं, खाली आणलं, टेकवलं, होल्ड टाकला. पाती थांबल्यावर मान वळवली, तर शेळ्या घेऊन एक आजोबा टेकाड उतरत होते, आमच्यापासून निदान दोनशे मीटर लांब. शेवटची शेळी पलीकडच्या ओढ्यात उतरेपर्यंत आम्ही तिघं डबा उघडून बसलो.